गिटार घेताय? मोजपट्टी सोबत ठेवा!

मुलांनो, दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आमच्या शाळेत एक-दोन पालक हमखास येतात. सोयाबीन विकून झालेलं असतं, कापसाची वेचणी चालू असते, हातात चार पैसे असतात. थोडा वेळ मुलाच्या अभ्यासाची चौकशी होते आणि मग मूळ मुद्दा निघतो. "मॅडम, लेकरानं गिटारचा हट्ट धरलाय. घ्यावी का?"

मी परभणी जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. डी.एड. करताना वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या गिटारवर बोटं दुखवून घेतली, पहिल्या पगारातून स्वतःची गिटार घेतली, आणि तेव्हापासून 'गिटारवाल्या मॅडम' हे नाव मला चिकटलं. खरं तर मी गणितही बरं शिकवते, पण 'गणितवाल्या मॅडम' असं कुणी म्हणत नाही! असो. त्या पालकांना मी सांगते, "घ्या की! पण दुकानात जाताना कंपासपेटीतली मोजपट्टी घेऊन जा." ते माझ्याकडे बघतच राहतात. मोजपट्टीचं आणि गाण्याचं काय नातं?

नातं आहे, आणि ते मला एका विद्यार्थिनीमुळे सगळ्यांना सांगावंसं वाटतं.

दोन वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलीला तिच्या वडिलांनी गिटार आणून दिली. काळी कुळकुळीत, चकचकीत, वर सोनेरी नक्षी. पहिला आठवडा घरात नुसता आनंदीआनंद. दुसऱ्या आठवड्यात पोरीच्या डाव्या हाताच्या बोटांना फोड आले. महिन्याभरात गिटार भिंतीवरच्या खिळ्याला लटकली. मग एके दिवशी वडील शाळेत आले. "पोरीच्या बोटातच नाही ते, मॅडम. एखादं गिऱ्हाईक बघा. इकून टाकतो." पोरगी शेजारी खाली मान घालून उभी होती. वाईट याचं वाटलं, की वडिलांचं म्हणणं तिलाही पटलेलं होतं. "माझी बोटं गिटारची नाहीत," असं ती मैत्रिणींना सांगत फिरत होती.

मी गिटार शाळेत मागवून घेतली. वाजवायला बसले, तर पाच मिनिटांत माझीच बोटं दुखायला लागली. माझ्या बोटांना इतक्या वर्षांचे घट्टे पडलेत, तरी! तेव्हा मी एका मुलाची कंपासपेटी उघडली आणि मोजपट्टी बाहेर काढली.

आता पुढचं कळण्यासाठी गिटारचे अवयव ओळखून घेऊ. सतारीला-तंबोऱ्याला आपल्याकडे जे शब्द आहेत, तेच मी वर्गात वापरते. तारा पिळायच्या त्या खुंट्या. लांब दांडी ती मान. मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या काड्या म्हणजे पडदे. त्यांना फ्रेट म्हणतात. गिटारच्या पोटावर तारा जिथं अडकवलेल्या असतात ती घोडी, आणि घोडीत एक पांढरी चीप उभी खोचलेली असते, तिचं नाव सॅडल. तारा या सॅडलवर टेकलेल्या असतात.

मोजपट्टी मी बाराव्या पडद्यावर उभी धरली. सर्वांत जाड तार पडद्यापासून साडेचार मिलिमीटर वर होती. तिथं ती अडीच ते तीन मिलिमीटर असावी. म्हणजे ही पोर महिनाभर दीडपट उंचीवरच्या तारा दाबत होती! बोटांचा दोष कुठं होता? दोष त्या पांढऱ्या चिपेचा होता.

मग मी सातवीच्या वर्गाला फळ्यावर गणित घातलं. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. दारावर तोरणाची दोरी ताणून बांधली आणि तिचं एक टोक चार बोटं खाली आणलं, तर दोरीचा मध्य किती खाली येईल? दोन बोटं. तसंच इथं. बाराव्या पडद्यावर तार दीड मिलिमीटर खाली आणायची असेल, तर सॅडल किती घासायचं? "तीन!" असा सगळ्या वर्गाचा एकदम आवाज आला. त्या दिवशी गुणोत्तर शिकवायला मला काहीच कष्ट पडले नाहीत.

तारा सैल करून काढल्या. सॅडल उपसून घेतलं. त्यावर तळापासून पेन्सिलीनं रेघ मारली, सुताराकडून काचपेपर आणला, तो गुळगुळीत फरशीवर पसरला आणि सॅडलचा तळ त्यावर सरळ घासला. घासायचं ते नेहमी तळाकडून, वरून नाही. रेघेच्या थोडं अलीकडेच थांबायचं, तारा चढवून बघायचं, मग हवं तर आणखी घासायचं. जास्त घासलं गेलं की नवं सॅडल आणावं लागतं. काही गिटारींत ते डिंकानं पक्कं चिकटवलेलं असतं. तिथं ओढाताण करू नका, घोडीच उखडेल. अशी गिटार दुरुस्तीवाल्याकडेच न्यावी.

तारा परत चढल्या. पोरीनं ई मायनर धरला. हा सर्वांत सोपा कॉर्ड: जाड तारेकडून मोजत दुसरी आणि तिसरी तार, दोन्ही दुसऱ्या पडद्याजवळ दाबायच्या, बाकीच्या मोकळ्या. सहाही तारा स्वच्छ वाजल्या. तिनं परत वाजवला. आणखी एकदा वाजवला. मधली सुटी संपल्याची घंटा झाली तरी तिचं चालूच होतं. वडिलांनी नंतर गिऱ्हाइकाचं नाव काढलं नाही.

म्हणून मला त्या मोजपट्टीचं इतकं कौतुक! पहिले तीन-चार आठवडे बोटं दुखतात, सगळ्यांचीच दुखतात. मग कातडी घट्ट होते आणि दुखायचं थांबतं. पण दोन महिन्यांनीही दुखत असेल, तर पालकांनो, मुलाला 'तुला जमणार नाही' म्हणण्याआधी बारावा पडदा मोजा.

दुकानात आणखी काय बघायचं? मान डोळ्याला लावून बघा, सुतार फळी वाकडी आहे का ते बघतो ना, अगदी तशी. मग जाड तार एका हातानं पहिल्या पडद्यावर आणि दुसऱ्या हातानं चौदाव्या पडद्यावर दाबा. मधे सातव्या पडद्याच्या आसपास तार आणि पडदा यांच्यात पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. फट मोठी असेल तर मान वाकलेली आहे. बऱ्याच गिटारींच्या मानेत लोखंडी सळई असते आणि ती किल्लीनं फिरवून मान सरळ करता येते, पण ते काम जाणकाराचं. सळई नसलेली स्वस्त गिटार वाकलेली असेल, तर ती दुकानातच ठेवा.

दुसरं माप लांबीचं. मानेच्या टोकाला, जिथून तारा सुरू होतात तिथपासून बाराव्या पडद्यापर्यंतचं अंतर मोजा. मग बाराव्या पडद्यापासून सॅडलपर्यंत मोजा. दोन्ही जवळजवळ सारखी हवीत; सॅडलकडचं अंतर दोन-तीन मिलिमीटर जास्त असतं, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. पण अर्ध्या-एक सेंटिमीटरचा फरक निघाला, तर ती गिटार जन्मभर सुरात वाजणार नाही. खेळण्याच्या दुकानातल्या रंगीबेरंगी गिटारी इथंच नापास होतात. त्या घेऊ नका. जत्रेतली पिपाणी परवडली!

आकार मुलाच्या मापाचा हवा. आठ-दहा वर्षांच्या मुलाला मोठी गिटार दिली, तर त्याचा उजवा हात तिच्या पोटावरून पलीकडे पोचतच नाही. त्याला तीन-चतुर्थांश मापाची द्या. नायलॉनच्या तारांची गिटार बोटांना मऊ असते, पोलादी तारांची आवाजाला खणखणीत. लहान मुलांना मी नायलॉनचीच सुचवते. मात्र नायलॉनसाठी केलेल्या गिटारला पोलादी तारा कधी लावू नका. पोलादी सहा तारांचा मिळून ताण साधारण ७० किलो असतो, सिमेंटच्या गोणीपेक्षाही जास्त! नायलॉनच्या गिटारची घोडी तो सोसत नाही, चक्क उखडून येते. किमतीचं म्हणाल, तर नवी पण हलकी गिटार घेण्यापेक्षा कुणाची तरी चांगली, वापरलेली गिटार घ्यावी असं माझं मत आहे. लाकूड जुनं झालं म्हणून काही बिघडत नाही.

शेवटी एकेक तार, एकेका पडद्यावर दाबून वाजवून बघा. कुठं झर्र-झर्र आवाज येतो का? गिटारमध्ये हा दोष. पण गंमत बघा, तंबोऱ्यात हाच गुण! तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून तो झंकार मुद्दाम काढतात. त्याला जवारी म्हणतात. सांगली जिल्ह्यातल्या मिरजेला सतार-तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. भोपळा वाळवण्यापासून जवारी लावण्यापर्यंत सगळं तिथं हातानं होतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. जवारी लावणारा माणूस घोडी कानसेनं केसाएवढी घासतो, वाजवून ऐकतो, परत घासतो. आमच्या सातवीनं काचपेपरवर केलं ते याच विद्येचं बालवाडीतलं रूप.

आता आजी-आजोबांची एक शंका. "हे साहेबाचं वाद्य कशाला? पेटी शीक की." बरोबर, पण पेटी तरी कुठं आपली होती? तीही युरोपातून आली. १९४० साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली होती आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं! आज पेटीशिवाय भजन होतं का? गिटारही अशीच आपली होऊ लागली आहे. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी ती मांडीवर आडवी घेऊन तिच्यावर राग वाजवले. शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला त्यांची गिटार १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत ऐकायला मिळते. विश्वमोहन भट्ट यांनी तर गिटारला जादा तारा जोडून मोहनवीणा केली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळवला.

आणि ज्या पेटीचा आजोबा आग्रह धरतात, तीच गिटार सुरात लावायला उपयोगी पडते. गावात भजनी मंडळ असतंच. गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीककडे अशा लावायच्या: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि परत पांढरी तीन. जाड तारांचा सूर खालच्या सप्तकातला असतो, पण स्वर तोच. सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ८२ वेळा थरथरते, सर्वांत बारीक सुमारे ३३० वेळा, म्हणजे चौपट. दोन्हींत बरोबर दोन सप्तकांचं अंतर. मोबाइलवर सूर दाखवणारी ॲपं फुकट मिळतात, तीही चांगली आहेत. पण काटा बघून लावण्यापेक्षा पेटी ऐकून लावलेली बरी, कान तयार होतो. एक लक्षात ठेवा: तार नेहमी खालून वर चढवत सुरात आणायची. जास्त चढली तर सैल करून परत वर या. वरून खाली उतरवलेली तार लवकर ढिली पडते.

भजनी मंडळ काळी चारमध्ये गातंय आणि तुम्हांला पांढरी पाचचेच कॉर्ड येतात? घाबरू नका. कॅपो नावाचा चिमटा मिळतो, तो पहिल्या पडद्याला लावा, झालं काम! कॅपो लावला की तारा थोड्या खालीही येतात, त्यामुळे तार उंच असलेल्या गिटारवर नवशिक्याला तेवढाच आराम.

वाजवण्याबद्दल मी फार सांगत नाही, ते वाजवूनच येतं. डाव्या हाताची नखं कापा. बोटाचं टोक पडद्याच्या अगदी मागे टेकवा, पडद्यावर नाही आणि दोन पडद्यांच्या मधोमधही नाही. तिथं सर्वांत कमी जोर लागतो. रोज पंधरा मिनिटं पुरेत, पण रोज. रविवारी दोन तास आणि आठवडाभर सुटी, असं केलं की बोटं परत मऊ पडतात. उजव्या हाताचा ठेका मी लेझमीवरून शिकवते. लेझीम खेळताना तुमचे पाय कधी चुकत नाहीत, मग हात कसा चुकेल? तोंडानं आकडे म्हणा आणि कॉर्ड बदलताना आकडे थांबू देऊ नका. कॉर्ड अर्धवट धरला गेला तरी चालेल, ठेका मोडता कामा नये. मोबाइलवरचे शिकवणीचे व्हिडिओ बघत असाल, तर त्यांचा वेग कमी करून बघा. ती माणसं फारच घाईत असतात.

आपल्या परभणी भागात गिटारचे खरे शत्रू तीन: ऊन, पाऊस आणि कूलर. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. पत्र्याच्या खोलीत कपाटावर ठेवलेली गिटार अक्षरशः भाजते. लाकूड कोरडं होऊन आकसतं, पडद्यांची टोकं मानेच्या कडेनं बाहेर येऊन बोटांना टोचायला लागतात, कधी पोटाला चीर जाते. मग पावसाळा आला की तेच लाकूड फुगतं, पोट वर येतं आणि तारा उंच होतात. म्हणून मोजपट्टी वर्षातून दोनदा तरी लावावी, एकदा पोळ्याला आणि एकदा होळीला. उन्हाळ्यात गिटार पिशवीत घालून घरातल्या सर्वांत थंड खोलीत, आतल्या भिंतीशी ठेवा. साबणाच्या डबीला भोकं पाडा, ओला करून घट्ट पिळलेला स्पंजचा तुकडा तीत घाला आणि ती डबी पिशवीत ठेवा. पाणी टपकता कामा नये. पावसाळ्यात ती डबी काढून बुटांच्या खोक्यात येतात त्या दमट हवा शोषणाऱ्या पुड्या टाका. आणि कूलरच्या झोतासमोर गिटार कधीच नको. एका बाजूनं ओली हवा आणि दुसऱ्या बाजूनं कोरडी, लाकडानं करायचं तरी काय?

वाजवून झालं की जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं तारा वरून-खालून पुसा. घामानं पोलाद गंजतं. काही जण तारांना खोबरेल लावतात, काही शिलाई मशीनचं तेल. कृपा करून असलं काही करू नका! तेलावर धूळ बसते आणि आवाज गोणपाटात गुंडाळल्यासारखा येतो. काळ्या पडलेल्या तारा बदला, शे-दोनशे रुपयांपासून नवा संच मिळतो. बदलताना एकेक तार काढून तिच्या जागी नवी लावा, म्हणजे मानेवरचा ताण एकदम जात नाही. तोंड दूर ठेवा. तुटलेली तार चाबकासारखी उसळते. टोकं पक्कडीनं कापून लगेच गोळा करा. घरात रांगणारं बाळ असेल तर विशेष जपा.

राहिलं ध्वनिमुद्रण. त्यासाठी स्टुडिओ लागत नाही, आईचा किंवा बाबांचा मोबाइल पुरतो. आपण वाजवताना हात सांभाळण्यात इतके गुंतलेले असतो, की स्वतःचं वाजवणं आपल्याला ऐकूच येत नाही. मुद्रण ऐकलं की कळतं, आपण सोप्या जागी पळतो आणि अवघड जागी रेंगाळतो.

मोबाइल गिटारच्या भोकासमोर धरू नका, नुसता घुमल्यासारखा आवाज येईल. बाराव्या पडद्यासमोर, हात-सव्वा हात अंतरावर, पुस्तकांच्या चळतीवर घडी केलेला टॉवेल टाकून त्यावर ठेवा. बोलताना आपण फोनच्या ज्या टोकाशी तोंड नेतो, ते टोक गिटारकडे हवं. गाणारंही कुणी असेल तर मोबाइल तिच्या तोंडाच्या थोडा जवळ सरकवा, नाहीतर गिटार गाण्यावर कुरघोडी करते. फोन विमानाच्या खुणेवर टाका, म्हणजे मधेच मामाचा फोन येणार नाही. पंखा आणि कूलर बंद. गावात लाईट गेली की सगळे वैतागतात, मी मात्र मुलांना सांगते, हीच वेळ!

खोलीही महत्त्वाची. आमचा वर्ग चार उघड्या भिंती आणि वर पत्रा असा आहे. टाळी वाजवली तर टाळीच्या मागे दुसरी टाळी ऐकू येते. तिथं गिटार विहिरीत वाजवल्यासारखी वाटते. टाळी जिथं नुसती 'टप्' अशी येऊन विरते ती जागा शोधा. वाकळी-गोधड्यांची चवड असलेली खोली उत्तम. आमच्या शाळेतल्या दोघा भावांना सर्वांत चांगली जागा सापडली, ती त्यांच्या घरची धान्याची खोली. भिंतीला लागून सोयाबीनची पोती, मधे बसायला तेवढी जागा. थोरला गिटारवर, धाकटा गायला. पहाटे पाचला उठून त्यांनी मुद्रण केलं, पाखरं जागी व्हायच्या आत.

शेवटचा कॉर्ड वाजला की लगेच बटण दाबायला धावू नका. तार पूर्ण विझेपर्यंत श्वास रोखून थांबा. त्या दोघांना मी हे बजावलं होतं आणि ते थांबलेही. मुद्रणात शेवटचा कॉर्ड सावकाश विझत जातो, खोलीत अगदी शांत होतं, आणि मग गोठ्यातून त्यांची शेळी एकदाच 'बें' करते. पुन्हा मुद्रण करा म्हटलं, तर धाकटा म्हणाला, "नको मॅडम, ती सुरात आहे." मी पेटीवर तपासून पाहिलं. पांढरी सातच्या जवळपास होती.